पायाच्या व्रणांची मलमपट्टी : किंमत आणि पुरावा

गतवर्षी एका देणगीदारांनी पायाच्या जखमांसाठी चांदीयुक्त पट्ट्या पुरविण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा विश्वस्त मंडळाने आम्हांस साधा प्रश्न विचारला : महाग पट्टीने जखम लवकर भरते काय? हिशेबाची पुस्तके याचे उत्तर देत नाहीत. म्हणून आमच्या शल्यचिकित्सकांकडून समजावून घेतलेली माहिती येथे सादर करीत आहोत.

जखम उघडी ठेवावी, खपली धरू द्यावी, ही आपल्याकडील जुनी समजूत. सन १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांत दाखविले की, पातळ पॉलिथिनखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने त्वचा येते. आधुनिक पट्ट्यांचा पाया हाच. मात्र ओलावा राखणे निराळे आणि पट्टीत मध वा चांदी घालणे निराळे. अशुद्ध रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे होणाऱ्या व्रणांसंबंधी न्यूझीलंडमधील ३६८ रुग्णांच्या चाचणीत (२००८) मधाच्या पट्टीने व्रण भरण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही. वेदनेच्या तक्रारी मात्र वाढल्या. इंग्लंडमधील २१३ रुग्णांत (२००९) चांदीयुक्त व साधी न चिकटणारी पट्टी यांत १२ आठवड्यांअखेर लक्षणीय फरक दिसला नाही, खर्च तेवढा अधिक झाला. मधुमेही व्रणांवर त्याच वर्षी ३१७ रुग्णांत तीन पट्ट्यांची तुलना झाली. तीतही साधी पट्टी मागे पडली नाही.

अपवाद नोंदविणे न्याय्य ठरेल. रक्तपुरवठा मंदावलेल्या मधुमेही पायांसाठी सुक्रोज ऑक्टासल्फेटयुक्त पट्टीची युरोपात चाचणी झाली (२०१८). २० आठवड्यांत ४८ टक्के व्रण भरले. तो घटक नसलेल्या पट्टीने ३० टक्के.

मग व्रण भरतो कशाने? शिरांच्या व्रणात घट्ट दाबपट्टीने. मात्र ती बांधण्यापूर्वी पायातील शुद्ध रक्ताचा पुरवठा तपासावाच लागतो, अन्यथा अपाय होतो. मधुमेही तळव्याच्या व्रणात त्या जागेवरील भार काढल्याने. याकरिता पायाला प्लास्टर घालतात, तेव्हा नातेवाईक हमखास विचारतात, "हाड कुठे मोडले?" वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर तळव्यांवरील व्रण याच उपायाने बरे केले होते.

सदर देणगीदारांनी ही माहिती ऐकून घेतली व आपली रक्कम दाबपट्ट्या आणि प्लास्टर साहित्याकडे वळविण्यास आनंदाने संमती दिली. रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची विनंती एवढीच की, प्लास्टर जड वाटते म्हणून ते घरी कापू नये. रुग्णास त्रास होत असल्यास त्याच दिवशी आमच्याकडे घेऊन यावे.