कढईतली वाफ आणि कांदिवलीतला वाद

कांदिवली पश्चिमेला महावीर नगरच्या खाऊगल्लीत जा. चीज वडापाव, शेजवान वडापाव, आणि जैन वडापावही. त्यात बटाट्याच्या जागी कच्चं केळं, कांदा-लसणाला पूर्ण रजा. रूळ ओलांडून पूर्वेला या, आकुर्ली रोडवर महिंद्राच्या कारखान्याच्या बाजूला. पाळी सुटल्यावर गाडीपाशी उभं राहून ज्यांनी वर्षानुवर्षं वडापाव खाल्ला, त्यांना चीजचं नाव काढलेलंही खपत नाही. सुकी लसूण चटणी, तळलेली खारी मिरची, वर मूठभर चुरा. बाकी सगळी नाटकं!

या भांडणात पडण्याआधी कढईत एकदा नीट बघा. बेसनाच्या पिठात चिमूटभर सोडा पडला की हळद लालसर होऊ लागते, कारण सोडा अल्कधर्मी आणि हळद त्याला रंगाने उत्तर देते. वडा तेलात सोडला की चर्र आवाज येतो. तो तेलाचा नव्हे, पाण्याचा आवाज! पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर धावतं आणि ती धावती वाफच तेलाला आत शिरू देत नाही. तेल वड्यात शिरतं ते बरंचसं वडा बाहेर काढल्यावर. तो निवतो, आतल्या वाफेचं पाणी होतं, दाब उतरतो आणि अंगावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून वडे झाऱ्यावर घेऊन कढईच्या काठावर दोनदा ठोकणारा हात मला फार मोलाचा वाटतो. शिवाय आतली भाजी आधीच शिजलेली. तळायचं ते फक्त आवरण. लोकल पकडायच्या घाईत असलेल्या माणसाला गरम घास मिळतो तो यामुळे.

आता ‘अस्सल’ची गोष्ट. पाव पोर्तुगीजांचा. बटाटा आणि मिरची दोन्ही मूळ अमेरिका खंडातली, तीही पोर्तुगीजांच्याच काळात इकडे आली. आणि ही सगळी मंडळी एकत्र आली ती अगदी अलीकडे. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला असं सांगतात. सुधाकर म्हात्रे यांचंही नाव त्याच काळासाठी घेतलं जातं. म्हणजे आपले आजोबा तरुणपणी ज्याला ओळखतही नव्हते, तो पदार्थ आज परंपरा म्हणून मिरवतो. मला हे विलक्षण वाटतं. गिरणगावाने त्याला वाढवलं, १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावत गेले, पण वडापाव उपनगरांच्या गाड्यांवर टिकला.

त्यामुळे केळ्याच्या वड्याला मी नावं ठेवणार नाही. शेजाऱ्याच्या घरात जे चालतं ते त्याच्यासाठी पावात घालणं, हा तर या शहराचा स्वभाव आहे. वडापाव बांधायच्या वर्तमानपत्राच्या कागदाची हळहळही मला पटत नाही. छपाईची शाई पोटात जाऊ नये म्हणून २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी तो कागद बंद केला, ते बरंच झालं. पण बशी, काटा आणि बसायला खुर्ची लागली, की माझ्या लेखी तो वडापाव उरत नाही. एका हातात मावणं, चालता चालता संपणं आणि खिशाला न जाणवणं, या तिन्हींवर तो उभा आहे.

पैकी तिसऱ्याची मला काळजी वाटते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवा सुधारायलाच हवी, त्यात दुमत नाही. लाकडाच्या भट्टीतल्या लादीपावाचा खरपूस वास गेला तर चुटपुट लागेल, तीही सोसू. मात्र नव्या भट्टीचा खर्च लादीवर चढला, तर तो पाळी सुटलेल्या कामगाराच्या खिशातून जाता कामा नये. बेकरीवाल्याला भट्टी बदलायला सरकारने मदत द्यावी.