चिप टोचली, नोंद कुठे?

पाळीव कुत्र्या-मांजराच्या कातडीखाली टोचली जाणारी चिप लांब दाण्याच्या तांदळापेक्षा थोडी मोठी, म्हणजे साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड असते. शरीराला न बाधणाऱ्या काचेच्या नळीत तांब्याच्या तारेचे एक बारीक वेटोळे आणि एक सूक्ष्म मंडल बंद केलेले असते. तिच्यात बॅटरी नसते. रीडर जवळ आणला की त्याच्या रेडिओलहरींतून चिपला क्षणभरापुरती ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठवते. रीडर दूर गेला की ती पुन्हा निपचित. त्यामुळे हरवलेले जनावर या घडीला कुठे आहे हे मोबाइलवर दाखवणे तिच्या कुवतीबाहेरचे आहे. चिप विकत घेणाऱ्या बऱ्याच जणांची नेमकी तीच अपेक्षा असते आणि दुकानदारही ती खोडून काढण्याची घाई करत नाहीत.

चिपमध्ये मालकाचे नाव, पत्ता किंवा फोन यांपैकी काहीही साठवलेले नसते. असतो तो फक्त पंधरा आकड्यांचा क्रमांक. १९९६ मध्ये ठरलेल्या आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांनुसार तो १३४.२ किलोहर्ट्झ या वारंवारितेवर वाचला जातो. पहिले तीन आकडे देशाचे तरी असतात किंवा उत्पादकाचे तरी. भारताचा संकेतांक ३५६. सुरुवात ९ ने होत असेल तर क्रमांक उत्पादकाच्या नावावरचा असतो, उदाहरणार्थ ९८१ म्हणजे स्वित्झर्लंडची डेटामार्स. पण ९०० हा संकेतांक अनेक छोट्या उत्पादकांत वाटलेला असल्याने तेवढ्यावरून चिप कोणाची हे कळत नाही. हे संकेतांक ‘आयकार’ ही आंतरराष्ट्रीय संस्था देते आणि तिची यादी कोणालाही पाहता येते. अमेरिकेत पूर्वी १२५ आणि १२८ किलोहर्ट्झच्या चिपाही वापरात होत्या. तिकडून आणलेल्या वयस्क कुत्र्याची चिप इथल्या साध्या रीडरला सापडली नाही, तर ती नाहीच असे समजू नये.

टोचण्याचे काम लसीसारखेच चालते, फक्त सुई जाड असते. भूल लागत नाही. जागा बहुधा खांद्याच्या दोन पात्यांमधली, युरोपच्या बऱ्याच भागात मानेची डावी बाजू, घोड्यांत आयाळीखाली मान. चिप काही वेळा मूळ जागेवरून सरकते आणि खांद्यावर, छातीकडे किंवा पुढच्या पायाच्या वरच्या भागात जाऊन बसते. म्हणून जाणकार डॉक्टर फक्त मानेवर रीडर टेकवून थांबत नाहीत. आधी पट्टा काढतात, कारण धातूचे बक्कल लहरींत अडथळा आणते. मग रीडर अंगालगत ठेवून पाठ, दोन्ही खांदे, छाती आणि पाय असा सावकाश फिरवतात, कारण तो वाचतो ते फार तर काही सेंटिमीटरवरून. टोचण्यापूर्वी पाकिटावरचा क्रमांक रीडरवर ताडून घ्यायचा, टोचल्यावर पुन्हा वाचायचा आणि स्टिकर लसीकरणाच्या पुस्तकात चिकटवायचे, एवढे तीन टप्पे पाळले गेले की दवाखान्यातले काम पुरे होते.

खरी अडचण दवाखान्याबाहेर सुरू होते. क्रमांक कोणत्याही नोंदवहीत नसेल तर त्याला अर्थ नाही, आणि नोंदवहीतला फोन बंद असेल तर नोंदीलाही नाही. अमेरिकेतल्या ५३ प्राणी-निवाऱ्यांतल्या चिपधारी जनावरांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. बेवारस म्हणून आलेल्या चिपधारी कुत्र्यांपैकी ५२.२ टक्के कुत्री मालकांकडे परतली. निवाऱ्यात आलेल्या एकूण बेवारस कुत्र्यांत हे प्रमाण २१.९ टक्के होते. मांजरांत फरक आणखी मोठा होता, ३८.५ विरुद्ध १.८ टक्के. पण चिप असूनही मालक सापडला नाही अशा जनावरांची कारणे जास्त शिकवणारी आहेत. चुकीचा किंवा बंद फोन ३५.४ टक्के, मालकाने प्रतिसादच न देणे २४.३ टक्के, उत्पादकाच्या नोंदवहीऐवजी भलत्याच नोंदवहीत नाव असणे १७.२ टक्के, आणि कुठेच नोंद नसणे ९.८ टक्के. चिप बिघडल्याची तक्रार यात जवळजवळ नाहीच, बहुतेक दोष कागदोपत्री आहेत.

कायद्याने चिप सक्तीची केली म्हणून हा घोळ मिटत नाही. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याला चिप बंधनकारक आहे, इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून मांजरांनाही. पण तिथे नोंदवह्या चालवणाऱ्या खासगी संस्था वीसहून अधिक झाल्या आणि सापडलेल्या कुत्र्याचा क्रमांक नेमका कोणाकडे आहे हे आधी शोधावे लागते. फ्रान्सने ‘आय-कॅड’ ही एकच राष्ट्रीय नोंदवही ठेवली, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

भारतात अशी व्यवस्था आहे, पण ती गायी-म्हशींसाठी. त्यांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो आणि त्याची नोंद ‘भारत पशुधन’ या सरकारी प्रणालीत होते. साताऱ्याची म्हैस कोणाची, तिला कोणती लस कधी दिली, हे एका ठिकाणी सापडते. शर्यतीच्या घोड्यांचेही असेच आहे. मुंबईत डिलाईल रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या महालक्ष्मी रेसकोर्सवर धावणारा थरोब्रेड घोडा पुण्याच्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाच्या वहीत असतो आणि ओळख पटवायला त्याच्या मानेतल्या चिपचा आधार घेतला जातो. वंशावळीच्या कुत्र्यांसाठी चेन्नईची केनेल क्लब ऑफ इंडिया आहे, तिच्याकडे नोंदणीला चिप लागते. दूध, शर्यत किंवा वंशावळ, जिथे पैशाचा हिशेब आहे तिथे वही नीट ठेवली गेली. चाळीतल्या बोक्याला आणि सोसायटीतल्या लॅब्रॅडोरला मात्र देशभर एक अशी वही नाही.

कायद्याने काहीच केलेले नाही असे नाही. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनी आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला मनाई केली आणि पैदास करणाऱ्याला कुत्र्यांना चिप लावणे भाग पाडले. पण त्याने आपल्या दप्तरात ठेवलेला क्रमांक घेणाऱ्याच्या नावावर आपोआप चढत नाही. चेन्नई महापालिकेने २०२५ मध्ये पाळीव कुत्र्यांच्या परवान्यालाच चिपची सक्ती जोडली. मुंबईत कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजची लस दिल्याचा दाखला दाखवावा लागतो.

कोणते कुत्रे कोणाचे आणि कोणते कोणाचेच नाही, हा प्रश्न मुंबईला नवा नाही. १८३२ मध्ये बेवारस कुत्री मारण्याचा हुकूम निघाला आणि मारणाऱ्यांना नगाप्रमाणे पैसे मिळत. घरची कुत्रीही ओढून नेली जातात, अशी तक्रार झाली. पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि जूनमध्ये फोर्टात दंगल पेटली. गळ्यात पट्टा असला तरी तो कापायला फार वेळ लागत नाही, म्हणून कातडीखालच्या क्रमांकाला आजही महत्त्व आहे.

नोंदवही निवडण्याआधी चिप ज्या कंपनीची आहे तिची वही कोणती आणि तिच्यात नाव घालण्याचे काम नक्की कोणाचे, हे डॉक्टरांना विचारावे. अनेकदा दवाखाना समजतो मालक करेल आणि मालक समजतो दवाखान्याने केले. नोंद झाल्यावर आपला क्रमांक त्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा. ‘क्रमांक सापडला नाही’ असे उत्तर आले तर ते त्याच दिवशी कळलेले बरे, गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाने बिथरून लालबागच्या दिशेने पळालेल्या कुत्र्यामागे धावताना नव्हे. दिवाळीतले फटाकेही तेच करतात.

मग वहीच्या अटी. फोन नंबर मालकाला स्वतः बदलता येतो का, की दर वेळी पत्रव्यवहार आणि शुल्क? शुल्क एकदाचे आहे की वर्षाचे, आणि वर्षाचे भरले नाही तर नोंद पुसली जाते की राहते? पुसली जात असेल तर ती वही टाळावी. सापडलेले जनावर घेऊन आलेल्या कोणालाही मालकाचा फोन थेट दिसतो, की संस्था मध्यस्थी करते? थेट दिसण्याने काम लवकर होते, मध्यस्थीने खासगीपणा राखला जातो. रात्री दोन वाजता फोन उचलणारे कोणी नसेल तर मध्यस्थीचा उपयोग अर्धाच. कंपनी किती जुनी आहे हेही पाहावे. अमेरिकेतली ‘सेव्ह धिस लाइफ’ ही नोंदणी कंपनी २०२५ च्या सुरुवातीला बंद पडली आणि तिच्याकडे नाव असलेल्या मालकांना दुसरीकडे पुन्हा नोंद करावी लागली. एकच क्रमांक दोन वह्यांत घालायला हरकत नाही, मात्र दोन्हीकडचा फोन चालू राहील याची जबाबदारी मग आपली.

डिलाईल रोडला, म्हणजे कागदोपत्री ना. म. जोशी मार्गाला, पत्त्याचा मुद्दा विशेष लागू पडतो. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून चाळ क्रमांक आणि खोली क्रमांक असे पत्ते संक्रमण शिबिराच्या आणि मग मनोऱ्यातल्या फ्लॅटच्या पत्त्यात बदलत आहेत. रेशनकार्ड, आधार, बँक यांची आठवण सर्वांना राहते, चिपच्या नोंदीची फार थोड्यांना. म्हणून नोंदीत पत्त्यापेक्षा फोनवर भर द्यावा आणि दुसरा नंबर घरातल्याच माणसाचा न देता वेगळ्या घरातल्या नातेवाइकाचा द्यावा.

परळचे बैलघोडा हॉस्पिटल, तिथलेच १८८६ सालचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे छोट्या प्राण्यांचे रुग्णालय, असा पशुवैद्यकाचा शेजार या वस्तीइतका क्वचितच कुठे असेल. तरी हरवलेले जनावर आधी रुग्णालयात पोहोचत नाही. ते पोहोचते वडापावच्या गाडीपाशी, वॉचमनकडे किंवा लोअर परळ स्टेशनच्या जिन्यावर, आणि यांच्यापैकी कोणाकडेच रीडर नसतो. म्हणून पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच. जुलै २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या २० भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे बिल्ले बांधले गेले, ते कोणाच्याही मोबाइलवर वाचता येतात. बिल्ला पडू शकतो आणि चिप पडत नाही, पण बिल्ला वाचायला वेगळे यंत्र लागत नाही. त्यामुळे दोन्ही असावेत.

परदेशी जाणाऱ्या कुटुंबांसाठी चिपची तारीखही महत्त्वाची ठरते. युरोपीय संघात कुत्रे न्यायचे तर आधी चिप आणि मगच रेबीजची लस, हा क्रम चुकला तर ती लस धरली जात नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासून प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एककांच्या खाली नाही हे दाखवावे लागते, आणि भारतातून जाताना रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. जर्मनीतल्या नोकरीवर पुढच्या महिन्यात रुजू व्हायचे असेल तर कुत्रा काही काळ आजी-आजोबांकडे राहणार, हे गृहीत धरावे.

कुत्रा दत्तक दिला, मालक वारला किंवा मुलाचे घर वेगळे झाले, तर नोंद नव्या व्यक्तीच्या नावावर करून घ्यावी लागते. बहुतेक वह्या त्यासाठी जुन्या मालकाची संमती मागतात, म्हणून कुत्रा देताघेतानाच ती लेखी घ्यावी. दरवर्षी लसीला नेताना डॉक्टरांना रीडर फिरवायला सांगावे. चिप वाचली गेली नाही तर दुसरी टोचता येते आणि जुनी काढण्याची गरज नसते, फक्त दोन्ही क्रमांक पुस्तकात आणि नोंदवहीत लिहावे लागतात, कारण जुनी चिप एखाद्या दुसऱ्या रीडरला अचानक सापडू शकते.