‘खाल्लं की थोडं’ म्हणजे नक्की किती? म्हाताऱ्या कुत्र्याच्या जेवणाचा हिशोब

आजच्या भागात ना नवा फोन आहे, ना एआय. आजचा विषय म्हणजे म्हातारं कुत्रं, त्याचं बिघडलेलं पोट आणि त्याच्या पोटात पुरेसं अन्न कसं जाईल हा प्रश्न. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, त्यांच्यासाठी हे सगळं इथे लिहून ठेवतोय.

आमचा टिप्या १३ वर्षांचा. तो मलकापुरात आई-बाबांजवळ असतो, मी पुण्यात कोड लिहितो. मलकापूर म्हणजे शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं. पावसाळ्यात इथं अंगण दिसेनासं होतं, त्यामुळे टिप्याचं फिरणंही बंद. त्याच्या स्वादुपिंडाला मध्यंतरी सूज आली होती, आणि आतडंही जुनंच कुरकुरणारं. मी रोज रात्री फोनवर विचारायचो, “आई, टिप्या जेवला का?” उत्तर ठरलेलं: “खाल्लं की थोडं.”

आता ‘थोडं’ हे काही माप नाही. आणि गंमत अशी की मोजायचं माप अगदी सोपं आहे. कुत्र्याचं वजन किलोमध्ये घ्या, त्याला त्यानेच दोनदा गुणा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याचं परत वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. बऱ्याच फोनमध्ये कॅल्क्युलेटर आडवा धरला की वर्गमुळाचं बटण दिसतं. टिप्याचं वजन १६ किलो. १६ गुणिले १६ गुणिले १६ म्हणजे ४०९६. वर्गमूळ ६४, त्याचं वर्गमूळ ८. आठ सत्ते छप्पन्न, म्हणजे ५६०. नुसतं पडून राहायला, श्वास घ्यायला, अंग गरम ठेवायला त्याला दिवसाला साधारण ५६० कॅलरी लागतात. चालत्या-फिरत्या कुत्र्याला याहून जास्त लागतात, पण आजारी कुत्र्यासाठी पहिलं लक्ष्य हेच धरतात.

आईला म्हटलं, दोन दिवस सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून घाल. निघालं काय, तर १५० ग्रॅम भात आणि ५० ग्रॅम उकडलेलं चिकन. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण १३० कॅलरी, आणि कातडं काढून उकडलेल्या १०० ग्रॅम चिकनच्या छातीत १६५. बेरीज २७७. म्हणजे बरोबर निम्मं. वाटी रिकामी दिसत होती, शेपटी हलत होती, आणि कुत्रं साडेअठरा किलोवरून १६ वर आलं होतं. दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरलं की डॉक्टर गंभीर होतात. हे तर तेराच्या पुढे गेलं होतं. (वजन करायला वेगळा काटा लागत नाही. कुत्र्याला उचलून आपल्या वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.)

यात पेजेचा एक घोळ असतो. आपल्याकडे आजारी म्हटलं की पेज. पाणी पोटात जायला ती छानच. पण २० ग्रॅम तांदळाची वाटीभर पातळ पेज म्हणजे जेमतेम ७० कॅलरी. पोट पाण्याने भरतं, कुत्रं तोंड फिरवतं, आणि आपल्याला वाटतं जेवलं.

मग कॅलरी वाढवायला तूप घालावं? हिशोबाने बरोबर आहे. एका ग्रॅम चरबीत ९ कॅलरी, भाताच्या पिठूळ भागात किंवा प्रथिनात ४. पण स्वादुपिंडाचं दुखणं असेल तर नेमकं हेच चालत नाही. स्वादुपिंड अन्न पचवणारे रस तयार करतं. ते आतड्यात गेल्यावर कामाला लागायला हवेत. सूज येते तेव्हा ते ग्रंथीच्या आतच जागे होतात आणि ग्रंथीलाच पचवायला लागतात. चरबीचं जेवण अशा दुखण्याला चाळवू शकतं. म्हणून कमी चरबी, आणि कॅलरी भरायच्या त्या भात आणि बिनचरबीच्या मांसातून.

हे कोल्हापूर जिल्ह्यात पाळणं म्हणजे परीक्षाच. रविवारी कोण ना कोण येतंच आणि म्हणतं, “जरा मटणाचा रस्सा घाला, कसं खातंय बघा.” खाईल हो, नक्की खाईल. पण रश्श्यात चरबी आहे, आणि कांदा-लसूण आहे. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्याचा परिणाम दिसायला काही दिवस जातात, त्यामुळे कुणाला संबंध लक्षात येत नाही. सूपची पाकिटं, नूडल्सचा मसाला यांतही कांद्याची पूड असते. शिजलेली हाडं चिरफळून आतड्यात टोचतात. तांबडा असो की पांढरा, रस्सा माणसांनीच खावा.

आता यातला अवघड भाग. कुत्रं खात का नाही? त्याला भूकच नाही, की भूक आहे पण मळमळतंय? दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. नीट बघितलं तर मळमळणारं कुत्रं वाटीपर्यंत येतं, वास घेतं आणि मागे फिरतं. ओठ चाटतं, लाळ गाळतं, सारखं गिळतं. अशा वेळी नवनवीन पदार्थ पुढे करणं किंवा तोंडात कोंबणं हा सगळ्यात वाईट उपाय. १९५५ साली अमेरिकेत जॉन गार्सिया आणि सहकाऱ्यांनी उंदरांना गोड पाणी पाजताना किरणोत्सर्गाने आजारी पाडलं. नंतर उंदरांनी त्या गोड पाण्याकडे पाठ फिरवली. पोट बिघडलं तेव्हा जे तोंडात होतं, त्याची मेंदू खूणगाठ बांधतो. म्हणजे मळमळताना तुम्ही प्रेमाने भरवलेलं चिकन, बरं झाल्यावरही कुत्रं नाकारू शकतं. आणि सिरिंजने घशात ओतलेलं पातळ अन्न फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया.

म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी मळमळ थांबवायची, मग जेवण. मळमळीसाठी मॅरोपिटंट हे औषध डॉक्टर देतात. भूक वाढवायला मिर्टाझापिनसारखी औषधं आहेत. पण ही डॉक्टरांना विचारूनच, आपल्या डब्यातली गोळी अर्धी करून नाही. दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन तर कधीच नको, कुत्र्याच्या पोटात आणि मूत्रपिंडात ती हाहाकार करते.

डॉक्टरांना आवर्जून विचारा अशी आणखी एक गोष्ट म्हणजे बी-१२. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. आतडं जुनाट सुजलेलं असेल तर ते कमी पडतं, आणि ते कमी पडलं की भूक आणखी मरते. तिथे कितीही चविष्ट शिजवा, उपयोग नाही. रक्ततपासणी आणि इंजेक्शनचा कोर्स, एवढंच लागतं. मला हा भाग फार आवडला, कारण हा सरळ सरळ बग आहे आणि त्याला फिक्स आहे.

आपल्याकडच्या तालुक्याच्या दवाखान्यांची सगळी रचना गाई-म्हशींसाठी, ते साहजिकच आहे. सोनोग्राफीसाठी कोल्हापूर गाठावं लागतं. त्यापुढे शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२, तो फोनमध्ये असू द्या. दिवसभरात काहीच खाल्लं नाही, सारखी उलटी, काळी किंवा रक्ताची शी, पोट फुगलेलं, असं काही असेल तर हा लेख बंद करून डॉक्टरांना फोन लावा.

मळमळ गेल्यावर आमच्या घरी जे चाललं ते सांगतो. दिवसाला २५० ग्रॅम भात, १४० ग्रॅम चिकन, म्हणजे ५५६ कॅलरी, पाच वेळांत वाटून. एका वेळी ८० ग्रॅमसुद्धा नाही. पण पहिल्याच दिवशी पूर्ण नाही. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न झेपत नाही, म्हणून तिसरा हिस्सा, मग निम्मं, मग पूर्ण. जेवण कोमट, कारण म्हाताऱ्या नाकाला गार भाताचा वास लागत नाही. वाटीखाली जुनं गोणपाट, कारण फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतात आणि तो उभं राहण्याच्या नादात जेवण सोडतो. वीस मिनिटांत नाही खाल्लं तर वाटी उचलायची, मागे लागायचं नाही. आईला हे शेवटचं अजून जमत नाही.

भात-चिकन महिनोन्‌महिने पुरत नाही, त्यात कॅल्शियम आणि बरंच काही कमी आहे. डॉक्टरांनी कमी चरबीचं पोटाच्या आजारासाठीचं तयार खाद्य लिहून दिलं, ते आठवडाभरात थोडं थोडं मिसळत बदललं. पाकिटावर किलोमागे किती कॅलरी ते छापलेलं असतं, हिशोब सोपा होतो.

आणि सगळं करूनही नाहीच खाल्लं तर? अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक मोजपट्टी केली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी १० पैकी गुण. ३५ च्या वर असेल तर उपचार चालू ठेवायला अर्थ आहे. आम्ही तिघं दर रविवारी वेगवेगळे गुण देतो आणि मग एकमेकांना सांगतो. बाबांचे सगळ्यात कमी असतात, आईचे सगळ्यात जास्त. मागच्या रविवारी ४१, ४६ आणि ५२ आले. वजन १६ किलो ४०० ग्रॅम.