लाटांचा गुणाकार

नागपूरकर भोसल्यांनी 18व्या शतकात बांधलेल्या काशीच्या भोसले घाटावर बसलं, की दोन होड्यांच्या लाटा एकमेकींत मिसळताना दिसतात. उंचवट्यावर उंचवटा आला तर पाणी जास्त चढतं, उंचवट्यावर खळगा आला तर शांत होतं. फोटॉनिक चिपचं गणित यावरच चालतं. तिथे लाटा लेझरच्या प्रकाशाच्या, आणि वाट म्हणजे सिलिकॉनची जेमतेम अर्धा मायक्रोमीटर रुंद पट्टी. प्रकाश दोन वाटांत विभागतात आणि एक वाट किंचित तापवतात. तिथल्या लाटा थोड्या मागे पडतात. दोन्ही प्रवाह पुन्हा भेटले, की कोणत्या तोंडातून किती प्रकाश निघणार हे त्या अंतरावर ठरतं. आत आलेला प्रकाश हा एक आकडा, तापमानाने ठरलेला हिस्सा हा दुसरा, बाहेर पडलेला प्रकाश हा त्यांचा गुणाकार!

2017 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी अशा 56 जोडवाटांची चिप वापरून उच्चारलेले स्वर ओळखून दाखवले. सुमारे 77 टक्के उत्तरं बरोबर आली; नेहमीच्या संगणकावर तेच प्रमाण 92 टक्क्यांच्या आसपास होतं. तरी मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण गुणाकार प्रकाशाच्या प्रवासातच उरकतो. अडचण आहे ती साठवणीची. चिपवर प्रकाश सहजी थांबवून ठेवता येत नाही, म्हणून आकडे पुन्हा विजेत उतरवावे लागतात आणि वाचवलेली बरीच ऊर्जा तिथे खर्च होते.

प्रकाशाकडून आकडे काढून घेणं काशीला मात्र नवं नाही. भोसले घाटाच्या याच काठावर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, मानमंदिराच्या गच्चीवर सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे. तिथलं सम्राट यंत्र उन्हाच्या सावलीवरून वेळ सांगतं.