३० गेजच्या तारेची गाडी

देवळ्यात मोटर भरून देणाऱ्या दुकानात जाऊन ‘३० गेजची तार हवी, हातभर पुरे’ म्हटलं की दुकानदार आधी तोंडाकडे बघतो. इथे तार किलोवर जाते. विहिरीवरची मोटर जळाली, कांद्याचं पाणी अडलं, म्हणून धावत आलेला शेतकरी शेजारीच उभा असतो. त्याचं काम आधी होऊ द्यायचं, मग रिळावर उरलेलं टोक मागून घ्यायचं. त्या तारेची जाडी ०.३१ मिलिमीटर. खऱ्या गाडीतली स्पार्क प्लगची वायर ८ मिलिमीटरची. २५ ने भागलं की ०.३२. इतकं बिनचूक माप कुठल्याही महागड्या डबीत मिळालं नसतं.

मी बनवतो आहे ती १:२५ मापाची प्रतिकृती आहे, १९६०च्या दशकातल्या अमेरिकी ड्रॅग रेसिंगच्या गाडीची. या शर्यतीत वळण नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ सुटतात. विदर्भातला शंकरपट ज्यांनी पाहिलाय त्यांना निराळं सांगायला नको: सगळा खेळ सुटण्याचा. १९५० साली कॅलिफोर्नियात सांता आना इथे विमानतळाच्या धावपट्टीवर अशा शर्यती नियमाने भरू लागल्या. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ भरते. सरळ, रिकामी, पक्की जमीन दुसरीकडे कुठे मिळणार?

त्या काळच्या गाडीला स्लिंगशॉट म्हणत. स्लिंगशॉट म्हणजे बेचकी. बेचकीच्या चामड्यात खडा बसतो तसा चालक गाडीच्या अगदी टोकाला, मागच्या चाकांच्याही मागे बसे. पकड मागच्या चाकांना हवी, म्हणून सगळं वजन मागे. पुढची चाकं सायकलची वाटावीत इतकी बारीक. इंजिन बहुतेकदा क्रायस्लरचं ३९२ घनइंची हेमी, १९५७-५८ च्या घरगुती मोटारींतून काढलेलं. त्याच्या डोक्यावरचा ब्लोअर तर आला जीएमसीच्या ६-७१ डिझेल इंजिनावरून: ६ सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच. दोन स्ट्रोकच्या त्या डिझेलला हवा ढकलायला पंखा लागे. शर्यतीवाल्या पोरांनी तो उचलून आपल्या इंजिनावर बसवला. वर इंधन नायट्रोमिथेन, जे स्वतःसोबत ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त जाळता येतं. भंगारातून उचललेल्या वस्तूंची इतकी बुद्धिमान जुळणी मला दुसऱ्या कुठल्या यंत्रात दिसलेली नाही.

आधी मी तयार किट मागवलं होतं. सांगाडा तुटून आला. तेव्हा ठरवलं, सांगाडा आपणच करू. खऱ्या गाडीचा सांगाडा साधारण सव्वा इंची पोलादी नळ्यांचा. सव्वा इंच भागिले २५ म्हणजे १.२७ मिलिमीटर. वायंडिंगची १८ गेजची तार १.२२ भरते, आणि गुरांच्या औषधाच्या दुकानातली १८ गेजची सुई नेमकी १.२७. लांब दांड्या तारेच्या, मधले छोटे आडवे तुकडे सुईचे. तारेवरचं वार्निश खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि एक सांधा तापवताना शेजारचा सुटतो. म्हणून झालेल्या सांध्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवायचा. पुढच्या चाकांचे आरे मासे धरायच्या बारीक तंगुसाचे. ब्लोअर जुन्या फूटपट्टीचे थर चिकटवून, कानशीने घासून केला. लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर. त्याच्या बेल्टसाठी काळ्या रबराच्या पट्टीवर ब्लेडने आडवे दात कोरले. या दातांवर तीन संध्याकाळी गेल्या.

रंगात बहुतेकांचं काम बिघडतं. ०.१ मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटरचा लेप. बोल्टांची डोकी त्यात बुडून जातात. खाली चंदेरी, वर पारदर्शक लाल, दोन्ही पाण्यासारखे पातळ.

पण ही गाडी हाताने जुळवली की एक गोष्ट कळते, जी फोटोत कळत नाही. आसन बसवताना चालकाचे पाय कुठे जातील ते बघावं लागतं. ते मागच्या अॅक्सलवरून पुढे जातात. दोन पायांच्या मधोमध फिरणारी यंत्रणा, आणि तोंडासमोर ब्लोअर. फ्लोरिडाचा डॉन गार्लिट्स हा या शर्यतीतला सर्वांत मोठा माणूस; त्याच्या गाड्यांचं नाव स्वॅम्प रॅट. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात लायन्सच्या पट्टीवर सुटतानाच त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा भाग गेला. दवाखान्यातून परतल्यावर त्याने इंजिन चालकाच्या मागे टाकलेली गाडी बांधली आणि १९७१ मध्ये पोमोनाची मोठी शर्यत तिच्यावरच जिंकली. मग काही वर्षांतच स्लिंगशॉट वरच्या श्रेणीतून गेली.

म्हणून माझ्या प्रतिकृतीत मी आसनाची जागा झाकलेली नाही. बॉडीचा पत्रा त्या बाजूने निघतो. बघणाऱ्याने आधी चकाकणारा लाल रंग नाही, ती जागा बघावी असं मला मनापासून वाटतं.

आता स्पार्क प्लगच्या आठ वायरी उरल्यात. या इंजिनाच्या मूळ रचनेत ठिणगी वाटणारा भाग मागच्या अंगाला असतो, आणि प्लग व्हॉल्व्ह कव्हरच्या मधून आत जातात. आठही वायरी मनाला येईल तशा चिकटवल्या तरी लांबून कुणाला कळणार नाही. पण तुम्ही कधी हे इंजिन करायला घेतलंत, तर ठिणगीचा क्रम कागदावर लिहून समोर ठेवा: १-८-४-३-६-५-७-२.