हवा ऐकायला हलकं, जमीन ऐकायला जड

आज आपण आवाज टिपणाऱ्या पडद्याबद्दल बोलू. सुरुवात आपल्या हलगीपासून करू.

हलगी वाजवायच्या आधी आपण ती शेकोटीवर धरतो. कातड्यातली ओल उडते, ताण वाढतो, आवाज खणखणीत निघतो. म्हणजे पडदा कसा वाजणार हे ताण आणि वजन या दोन गोष्टी ठरवतात. माईकमध्येही पडदाच असतो. हवेची कंपनं त्याला हलवतात आणि त्या हालचालीचा विजेचा संकेत होतो. स्पीकरमध्ये याच्या उलट घडतं. एका रूपातली ऊर्जा दुसऱ्या रूपात नेणाऱ्या अशा साधनाला ट्रान्सड्यूसर म्हणतात.

आता अडचण बघा. पडद्याला वजन असतं. सेकंदाला हजारो वेळा मागेपुढे व्हायचं तर जड पडदा मागे पडतो. शिवाय स्वतःच्या एका ठरावीक वारंवारतेला तो गरजेपेक्षा जास्त थरथरतो, त्याला आवरावं लागतं. मग पडदा किती हलका करता येईल?

इथे ग्राफीन येतं. पेन्सिलीतल्या ग्राफाइटचा एकच अणूइतका जाड थर म्हणजे ग्राफीन. जाडी सुमारे 0.34 नॅनोमीटर. मँचेस्टरमध्ये आंद्रे गाईम आणि कोन्स्टान्टिन नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने थर सोलत सोलत तो वेगळा केला. 2004 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं आणि 2010 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

2013 मध्ये बर्कलेच्या संशोधकांनी ग्राफीनच्या अनेक थरांचा पडदा लावून स्पीकर केला. पडद्याचा व्यास 7 मिलिमीटर, जाडी 30 नॅनोमीटर. आपण हिशेब करू. या पडद्याचं वजन त्याच आकाराच्या, मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या जाड हवेच्या थराएवढं भरतं. 6 मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा घेतला, तर तेच वजन 7 मिलिमीटर हवेएवढं होतं. इतका हलका पडदा आवरायला वेगळं काही लागत नाही, भोवतीची हवाच त्याला आवरते. याच तत्त्वावरचा माईक 2015 मध्ये आला. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. हा माईक 5 लाख हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्यांनी त्यावर वटवाघळांचे आवाज टिपले.

आता एका श्रोत्याचा प्रश्न घेतो: "सर, किल्लारीसारखा भूकंप झाला तर ढिगाऱ्याखालचा माणूस यानं ऐकू येईल का?"

प्रश्न आपल्या काळजाचा आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. लातूर-उस्मानाबादमध्ये सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपेतल्या माणसांवर आलं.

उत्तर सरळ देतो: एकट्या या माईकनं काम भागणार नाही. माती आणि दगडांच्या राशीत उंच वारंवारतेचे आवाज लवकर विरतात, म्हणून 5 लाख हर्ट्झ तिथे कामाचे नाहीत. पण आतून कुणी दगडावर दगड आपटला, तर तो ठोका घन वस्तूंमधून दूर जातो. तो पकडायला जिओफोन लागतो. त्यात चुंबक पेटीला घट्ट बसवलेलं असतं आणि तारेचं वेटोळं स्प्रिंगवर टांगलेलं असतं. जमीन हलली की पेटी हलते, वेटोळं मात्र जडत्वामुळे मागे राहतं. त्या फरकातून वीज निर्माण होते. म्हणजे इथे वजनच उपयोगी पडतं!

लक्षात ठेवा, हवा ऐकायची तर पडदा हवेइतका हलका हवा, जमीन ऐकायची तर आतली वस्तू जागेवर थांबेल इतकी जड हवी. फोडणीचा चमचा आणि डाव, दोन्ही स्वयंपाकघरात असतात. बचावपथकानेही दोन्ही जवळ ठेवावेत: फटीतून येणाऱ्या हाकेसाठी माईक, ठोक्यासाठी जिओफोन. आणि हो, ऐकताना भोवतालच्या गर्दीनं पूर्ण शांत राहायचं. ते मात्र कोणतंही यंत्र आपल्यासाठी करणार नाही.