होडीची नोंद होते, टेम्पोची नाही

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर पालघर जिल्ह्यातल्या एडवण, दातिवरे, केळव्याच्या किनाऱ्यावर सुरक्षेचा अर्थ ठरून गेला: होडीची नोंद, खलाशाचं ओळखपत्र, अनोळखी माणसावर नजर. पालघरमधली माणसांची तस्करी मात्र बहुधा रस्त्यानेच होते. दिवाळीनंतर मुकादम पाड्यावर येतो, कातकरी कुटुंबाला उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम देतो. टेम्पोत भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं भरून सगळे वीटभट्टीवर. हिशेब मुकादमाच्याच वहीत; उचल फिटत नाही आणि निघूनही जाता येत नाही.

प्रत्येक स्थलांतर म्हणजे तस्करी नव्हे. फसवून, धाकाने किंवा पैशाच्या आमिषाने शोषणासाठी नेणं ही तस्करी, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार पीडिताची संमती तिथे गैरलागू ठरते. कर्जात बांधून राबवण्याची रीत इथे जुनी: याच मुलखात लग्नाच्या कर्जापायी राबणारे लग्नगडी होते. १९४५ च्या वारली उठावाने त्या वेठीला हादरा दिला, वेठबिगारीबंदीचा कायदा आला १९७६ मध्ये.

२०१९ पासून राष्ट्रीय तपास संस्थाही (एनआयए) मानवी तस्करीच्या गुन्ह्याचा तपास करू शकते. गुजरातला लागून असलेल्या जिल्ह्यात त्याचं मोल मोठं आहे, कारण दलालांची साखळी राज्याची हद्द पाळत नाही. पण निव्वळ सुरक्षेच्या नजरेने पाहिलं, तर बोईसर-तारापूरचा परप्रांतीय मजूरच आधी संशयित ठरतो. कागदपत्रं ठेकेदाराने अडकवून ठेवलेला माणूस पोलिस दिसताच लपतो आणि साक्षीदारच हातचा जातो. म्हणून त्याला आधी सुटकेचा दाखला, निवारा आणि थकलेली मजुरी मिळायला हवी, जबाब त्यानंतर. मूल अडकलेलं दिसलं तर १०९८ वर कळवा.